रंगाचा डबा नंतर उघड

अगं, तो डबा आधी खाली ठेव. झाकण उघडलं नसशील तर दुकानदार परत घेईल, बिल जपून ठेव फक्त. मामंजींची मारुती ८०० तुझ्या वाट्याला आली, टप पांढरट पडलाय, दाराखाली पोपडे निघायलेत आणि गॅरेजवाल्यानं आकडा सांगितला तेव्हा तुझ्या पोटात गोळा आला, हे सगळं कळलं मला. पण "ताई, घरीच मारू का रंग, पोळ्याच्या आधी ट्रॉली रंगवतात तसा?" याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. बस जरा, चहा टाकते.

पहिल्यांदा मला सांग, गाडीला रंग लागतोच आहे का? निम्म्या जुन्या गाड्यांना नुसती घासपूस पुरते, आणि हे कुणी सांगत नाही कारण त्यात कुणाचं बिल होत नाही. रबिंग कंपाउंडची लहान डबी आण. जुन्या सुती साडीचा तुकडा घे आणि बॉनेटवर तळहाताएवढी जागा गोल गोल चोळ. फडक्याला गाडीचाच रंग लागला तर समज की वर वेगळा पारदर्शक थर नाही. जुन्या साध्या पांढऱ्या, लाल गाड्यांचं बहुधा असंच असतं. उन्हानं मेलेला वरचा पापुद्रा निघून खालचा रंग चमकला, तर तुझं काम एका रविवारचं आहे. सगळी गाडी कंपाउंडनं चोळ, मग पॉलिश, आणि गॅरेजवाल्याला नमस्कार. मात्र कडा आणि कोपऱ्यांवर हात हलका ठेव, तिथे रंग मुळातच पातळ असतो, आणि एकदा खालचा पत्रा दिसला की कंपाउंड काही कामाचं नाही. गाडीला पारदर्शक थर असेल आणि तो पापुद्र्यासारखा सुटायला लागला असेल, तर कितीही चोळ, तो बसणार नाही. तिथे रंगच लागेल.

दुसरी परीक्षा थिनरची. चिंधीला थोडं थिनर लावून आतल्या, न दिसणाऱ्या जागी घास. कंपनीचा भट्टीत भाजलेला रंग हलत नाही. पण मधे कधी तरी कुणी गॅरेजात डुको मारला असेल तर तो विरघळून चिंधीवर येतो. तुझं नेलपॉलिश रिमूव्हरनं जातं ना, तोच प्रकार. दोन्हींत नायट्रोसेल्युलोजच असतं. डुको हे नाव अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीचं. जनरल मोटर्सनं १९२४ च्या ओकलंड गाड्यांना तो पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मारला. त्याआधी मोटारींना ब्रशनं व्हार्निशचे थर देत, आणि एकेक गाडी वाळायला आठवडेच्या आठवडे लागत. हा इतिहास सांगायचं कारण एवढंच, की खाली कुठला रंग आहे हे कळल्याशिवाय वर काय मारायचं ते ठरवता येत नाही.

आता तुझा तो ऑइलपेंटचा डबा. गावात हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, स्वस्त पडतो, टर्पेंटाइन घालून पातळ केला की फोमच्या रोलरनं लागतो. परदेशातही हौशी लोक असंच करतात. पातळ थर, रात्रभर वाळवण, मग पाण्यातल्या पॉलिश पेपरनं घासाई, पुन्हा थर. धीर असेल तर दिसतंही बरं. ट्रॉलीला, नांगराला, शेतातच फिरणाऱ्या जीपला मी बिनधास्त हो म्हणेन. तुझ्या गाडीला नाही म्हणते. हा रंग सावकाश वाळतो, आणि ऊसतोड सुरू झाल्यावर आपल्या रस्त्यांवर जो धुरळा असतो तो सगळा त्यात चिकटतो. शिवाय पुढे कधी गॅरेजात खरा रंग मारायचा म्हटलास तर त्याच्या थिनरनं हा ऑइलपेंट सुरकुतून वर येतो. मग पेंटर आधी तुझा रंग खरवडण्याचे पैसे घेणार, मग स्वतःचा लावण्याचे. आत्ता वाचवलेलं तेव्हा दुप्पट जाईल.

माझं म्हणणं असं की काम अर्धं वाटून घे. गाडीच्या रंगकामात खरी मजुरी रंग मारण्याची नसतेच. स्प्रे गन चालवायला थोडे तास लागतात. दिवस जातात ते गंज काढण्यात, पुट्टी घासण्यात, काच-रबर-दिवे झाकण्यात. ते सगळं तुला येतं. भांडी घासणारीला घासाई कुणी शिकवायला नको. शेवटचा हात मात्र ज्याच्याकडे कॉम्प्रेसर आणि बंद खोली आहे त्याच्याकडून मारून घे. "गाडी तयार करून आणते, तुम्ही फक्त रंग मारा" असं आधी बोलून ठेव आणि भाव त्याच्यावर ठरव. काही पेंटर नाही म्हणतात, दुसऱ्याच्या घासाईची जबाबदारी त्यांना नको असते. त्यांचं चूक नाही. म्हणून पुट्टी झाली की एकदा तुझ्या पेंटरला दाखव, वरून हात फिरवू दे, मगच पुढे जा.

गंजाकडे ये, कारण सगळी गाडी तिथेच अडते. ८०० ला गंज कुठे धरतो ते मी सांगते, तू चप्पल काढून खाली बस आणि बघ. दाराच्या खालच्या कडा. चाकांवरच्या कमानी. दाराखालची लांब पट्टी. पुढच्या काचेच्या रबराखाली. बॅटरीखालचा ट्रे. आणि आत, मॅटिंगच्या खाली, जिथे ओल राहते. दाराच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती मातीनं बुजली की दारात पाणी साचतं आणि दार आतून सडतं, बाहेरचा पोपडा शेवटी दिसतो. ती भोकं झाडूच्या काडीनं आजच मोकळी कर. याला एक पैसा लागत नाही आणि कुठल्याही रंगापेक्षा याचा उपयोग जास्त.

मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघ. पत्रा ठणठणला तर बरा आहे. दबला, भुसभुशीत वाटला तर तिथे पुट्टी भरू नकोस. सडलेल्या पत्र्यावरची पुट्टी पहिल्या पावसाळ्यात फुगते. तो तुकडा कापून नवा पत्रा वेल्डिंग करावा लागतो, आणि ते काम पत्रेवाल्याचंच. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून गाडीभर फिरव. जिथे ते चिकटत नाही तिथे कुणी तरी आधीच पुट्टीचा जाड थर दडवलाय. गाडी विकत घेतानाही हे कर बरं का, मोठमोठे दलाल गप्प होतात.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशनं आणि जाड पेपरनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढ. पण जिथे कंपनीचा रंग घट्ट आहे तिथे पत्र्यापर्यंत जाऊ नकोस. कारखान्यात बॉडी अख्खी प्राइमरच्या हौदात बुडवून विजेच्या प्रवाहानं तो थर चढवलेला असतो. तसा प्राइमर तुझ्या-माझ्या हातून होणे नाही. आणि उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवू नकोस, सकाळी तांबूस झालेला दिसेल. त्याच दिवशी प्राइमर लाव.

पुट्टीत दोन जाती. हार्डनर कालवून लावतात ती पॉलिएस्टरची, ती पोचे भरायला. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजची पुट्टी ओरखडे आणि बारीक भोकं बुजवायला, तिचा जाड थर दिलास तर तडकते. हार्डनर घातलेली पुट्टी काही मिनिटांत आवळते, म्हणून वाटीभर कालवू नकोस, चमचाभर घे. ती कोरडीच घास, कारण ती पाणी पिते आणि ते पाणी पुढे रंगाला फोड आणतं. जुना रंग मात्र ओला करूनच घास, त्यात शिसं असू शकतं. घराच्या रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी २०१७ पासून लागू झाली, पण तुझ्या गाडीवर आधी कुणी कुठल्या डब्यातलं काय फासलंय हे कोण जाणे. त्याची धूळ अंगणात रांगणाऱ्या पोराच्या तोंडात जायला नको. तोंडाला मास्क, केसांना फडकं, आणि ते कपडे वेगळे धू.

पेपरचे नंबर लक्षात ठेव. पुट्टीला ८० किंवा १२०, मग २२०, ३२०. प्राइमरवर वॉटर पेपर ४००, शेवटी ६००. नंबर मधेच उडवलास तर जाड पेपरचे ओरखडे रंगातून दिसतात, आणि तेव्हा रंगाला बोल लावतात. पेपर नुसत्या बोटांनी धरू नकोस, बोटांचे चर पडतात. रबराचा किंवा लाकडाचा सपाट ठोकळा पेपरखाली धर. डोळे मिटून तळहात फिरव, डोळ्याला न दिसणारा उंचवटा हाताला कळतो. पाणी बादलीभर पुरतं, त्यात साबणाचे दोन थेंब टाक. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं, वाळलं की पांढरे डाग ठेवतं. म्हणून शेवटचं पुसणं फिल्टरच्या जारच्या पाण्यानं कर. तेवढ्यापुरतं चालेल, उन्हाळ्यात मी हे बोलणारसुद्धा नाही.

आणि दसऱ्याला बॉनेटवर लावलेली हळद, कुंकू, तेलाचं बोट, डॅशबोर्डला चमक आणणारा स्प्रे, यातलं काही शिल्लक राहिलं तर रंग तिथून पळतो आणि बारीक गोल खड्डे पडतात. सिलिकॉनचं पॉलिश सगळ्यात वाईट. म्हणून घासायच्या आधी साबणानं धू, तेलकटपणा काढ, मग पेपरला हात घाल. उलट केलंस तर पेपर ते तेल पत्र्यात चोळत बसतो.

शेवटचा हात घरी का नको म्हणते? आता बहुतेक ठिकाणी हार्डनर घातलेला पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारतात. तो टिकतो, उन्हाला आणि पेट्रोलच्या थेंबाला दाद देत नाही. पण त्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटनं दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानंही उसळतो. कापडी मास्क तिथे काही करत नाही. तुझ्या अंगणात, शेजारी सासूबाई तुळशीला पाणी घालतायत, तिथे ती गन चालवायची नाही. थिनर तर पेट घ्यायला टपलेलंच असतं. गॅसचा गिझर, चूल, देवघरातली समई, सगळं आठव. शिवाय चाकात हवा भरायचा छोटा पंप गनला पुरत नाही, हवा सलग लागते, आणि मधेच लाइट गेली की थर तसाच अर्धवट. एवढं करूनही नवख्या हातानं गन लांब धरली की रंग मोसंबीच्या सालीसारखा दाणेदार बसतो, जवळ धरली की ओघळतो.

कधी मारायचा? पावसाळ्यात नाही, दमट हवेत डुकोवर पांढरट झाक येते. एप्रिल-मे मध्येही नाही, थिनर वाटेतच उडतं आणि रंग कोरडा, खरखरीत पडतो. दिवाळीनंतर, दव सुकल्यावर, दुपारच्या आत.

रंग कुठला, हा तुझा आवडता प्रश्न. आहे तोच ठेव. आरसीवर रंग लिहिलेला असतो. बदललास तर आरटीओत तशी नोंद करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी जालन्याला खेपा. लष्करी हिरवा तर मनातसुद्धा आणू नकोस, मोटार वाहन नियमांप्रमाणे तो फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. रंग बदलायचा म्हटलं की दारांच्या आतल्या कडा, डिकी, इंजिनाची खोली हेही रंगवावं लागतं, नाही तर दार उघडलं की जुना रंग डोकावतो. खर्च तिथेच वाढतो. मेटॅलिक तर मुळीच नको, एका दाराला ओरखडा गेला तरी शेजारच्या पत्र्याशी जुळवता जुळवता पेंटर दमतो. साधा पांढरा जुळतो, उन्हात कमी तापतो, धूळ लपवतो. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हातून दिल्लीच्या हरपाल सिंग यांना पहिल्या ८०० ची किल्ली मिळाली, ती गाडीही पांढरीच. हरपाल सिंग गेल्यावर ती घराबाहेर उभी राहून पार गंजली होती. पुढे कंपनीनं ती दुरुस्त करून स्वतःच्या मुख्यालयात ठेवली. तुझी काही संग्रहालयात जायची नाही, तिला अंबडच्या बाजाराला जायचंय. तेवढाच खर्च कर.

यावर आणखी एक कडू गोष्ट. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ ला बंद झालं, म्हणजे तुझी गाडी पंधरा वर्षांची तरी आहेच किंवा लवकरच होईल. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, ते दर पाच वर्षांनी, आणि वर पर्यावरण कर. वीस वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झाली आहे. तुझे दाजी म्हणतात, आधी कागद बघा, मग पत्रा, मग रंग. या एका बाबतीत त्यांचं ऐक. फिटनेसला इंजिन, ब्रेक, दिवे बघतात. ब्रेक धड नसताना रंगावर पैसे घालणारी तू नाहीस असं मी धरून चालते.

रंग मारून आणलीस की महिनाभर मेण-पॉलिश लावू नकोस, आतलं थिनर उडून जायला वेळ लागतो. चिमण्या-कावळ्यांची शीट दिसली की लगेच पाण्यानं धू, वाळवून खरवडू नकोस. आणि जालन्याला रंग मिसळून आणायला जाशील तेव्हा नुसतं "पांढरा द्या" म्हणू नकोस, पांढऱ्यातही प्रकार असतात. बॉनेट उघड, आत कंपनीची पाटी असते, तिच्यावर रंगाचा कोड असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ने.