ताट वेगळं नको गं, खिडकी उघड

सासूबाईंनी तुझं ताट, वाटी, पेला वेगळा काढून मोरीजवळच्या फळीवर ठेवला, हे ऐकलं तेव्हा पोटात तुटलं गं. पण त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांच्या लहानपणी घरोघरी हेच चालायचं, त्यांनी तेच उचललं. मला खटकलं ते दुसरंच. तू बोलता बोलता सांगून गेलीस की खोलीची खिडकी कायम बंद असते. कबुतरं येतात, रस्त्याची धूळ येते, म्हणून काच ओढलेली आणि वर जाड पडदा. म्हणजे बघ, ज्या भांड्यांतून टीबी कुणाला होत नाही ती दूर ठेवली, आणि ज्या हवेतून होतो ती मात्र सगळ्यांनी मिळून कोंडून घेतली.

म्हणून आज नीट बसून सगळं सांगते. तुला आणि तुझ्याकडून घरच्यांना.

फुप्फुसाचा टीबी असलेलं माणूस खोकतं, शिंकतं, मोठ्याने बोलतं, तेव्हा तोंडातून बारीक तुषार उडतात. त्यातले जड थेंब लगेच खाली पडतात, त्यांची फारशी भीती नाही. अगदी सूक्ष्म असतात ते हवेतच सुकतात आणि जंतू घेऊन तासन् तास तरंगत राहतात. देवघरात उदबत्ती लावली की बंद घरात वास कोपऱ्याकोपऱ्यात जातो आणि खिडकी उघडली की विरतो, तसंच हे. म्हणून तर एका ताटात जेवून, एका नळाचं पाणी पिऊन, कपडे एकत्र धुऊन, हातात हात घेऊन टीबी लागत नाही. जंतू श्वासावाटे फुप्फुसात खोलवर जावा लागतो.

हे नुसतं सांगोवांगी नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात रायली नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीबीच्या वॉर्डातली हवा नळीने वर गच्चीजवळच्या खोलीत नेली. तिथे पिंजऱ्यांत गिनीपिग ठेवले होते. त्या जनावरांनी ना रुग्ण पाहिला, ना त्याच्या भांड्याला तोंड लावलं. नुसती त्याची हवा घेतली, आणि तरी त्यांना टीबी झाला. दुसऱ्या गटाला तीच हवा अतिनील किरणांखालून नेऊन दिली, ते गिनीपिग वाचले. तेव्हापासून भांड्यांवर संशय घ्यायला जागाच उरली नाही.

आता तुझ्या मनातलं बोलते, जे तू विचारलं नाहीस. ‘मी घरात राहिले तर माझ्या लेकीला होईल का? मी माहेरी निघून जाऊ का?’ हेच ना?

ऐक. १९५६ साली मद्रासमध्ये याच प्रश्नावर एक मोठा अभ्यास सुरू झाला. तेव्हा टीबी झाला म्हणजे सॅनेटोरियम, माणसाला घरातून उठवायचं, असाच समज होता. तिथल्या डॉक्टरांनी गरीब, दाटीवाटीच्या वस्तीतल्या रुग्णांचे दोन गट केले. काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवलं. तिथे चांगलं अन्न, पूर्ण विश्रांती. बाकीच्यांना त्यांच्याच कोंदट खोल्यांत ठेवून तीच औषधं दिली. त्यांचं खाणं बेताचं, कष्टही सुटलेले नाहीत. वर्षभराने पाहिलं तर घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले होते. आणि त्यांच्या घरातल्या माणसांवर पुढे पाच वर्षं लक्ष ठेवलं, तर रुग्ण घरी राहिला म्हणून घरच्यांना जास्त टीबी झाला असं दिसलं नाही. साऱ्या जगाने त्यानंतर टीबीच्या माणसाला घरातून उठवणं हळूहळू सोडलं. हे काम आपल्या देशात झालं, आणि आपल्याच घरांत ते अजून पोचलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

याचा अर्थ नीट समजून घे. घरच्यांना जो काही संसर्ग व्हायचा, तो बहुतेक औषध सुरू होण्याआधीच होऊन जातो. तू तीन महिने ‘हवा बदलली, म्हणून खोकला’ म्हणत कफ सिरप घेत होतीस, ते दिवस धोक्याचे होते. आता गोळ्या सुरू झाल्यात. जंतू औषधाला दाद देणारे असतील आणि गोळ्या चुकल्या नाहीत, तर साधारण दोन आठवड्यांत तुझ्यापासून पसरण्याचा धोका खूपच उतरतो. तोवर मास्क लाव, खोकताना तोंडावर रुमाल किंवा पदर धर, थुंकी झाकणाच्या डब्यात फिनेल घालून टाक, आणि जमेल तितके दिवस वेगळी झोप. वेगळी खोली नसेल तर खिडकीपाशी तू झोप, बाकीचे दाराच्या बाजूला. टेबलफॅन दाराकडे ठेव, म्हणजे वारा त्यांच्याकडून तुझ्याकडे आणि तुझ्याकडून बाहेर जाईल. उलटा ठेवलास तर तुझी हवा त्यांच्या अंगावर जाईल. पडदा काढ. कबुतरांसाठी जाळी राहू दे, काच मात्र सरकव.

आणि संसर्ग झाला म्हणजे टीबी झालाच असं नसतं गं. जगातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांच्या अंगात हा जंतू जाऊन बसलेला आहे असं मानतात. त्यातल्या शंभरातल्या पाच-दहांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. बाकीच्यांची प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. ज्यांची ती शक्ती कमी त्यांना तो गाठतो: पाच वर्षांखालची मुलं, मधुमेही, एचआयव्ही असलेले, सिगारेट-दारूवाले, आणि आपल्याकडे सगळ्यांत जास्त, पोटाला पुरेसं न मिळणारे.

म्हणून तुझ्या लेकीला या आठवड्यातच दाखव. तिला जन्मल्यावर बीसीजीची लस दिली आहे, दंडावर खूण आहे, ती वाया गेलेली नाही. लहान मुलांना होणारा मेंदूचा टीबी आणि अंगभर पसरणारा टीबी यांपासून ती बऱ्यापैकी वाचवते. पण फुप्फुसाच्या टीबीचं पूर्ण कवच ती नव्हे. तुझी लेक तीन वर्षांची आहे. तिला आजार नाही हे डॉक्टरांनी तपासून घेतलं की तो होऊ नये म्हणून औषध देतात. आता नवऱ्याला, सासू-सासऱ्यांनाही असं प्रतिबंधक औषध मिळू शकतं. निरोगी माणसाने गोळ्या कशाला खायच्या, असं घरात म्हणतील. त्यांना सांग की संसर्गानंतरची पहिली दोन वर्षं सगळ्यांत नाजूक, ती सांभाळायला या गोळ्या.

आता औषधाचं. पहिले दोन महिने चार औषधं एकाच गोळीत, नंतरचे चार महिने तीन औषधं. वजनाप्रमाणे रोज तीन-चार गोळ्या. सरकारी केंद्रात फुकट. पहिल्याच दिवशी लघवी केशरी-लाल होईल, घाबरू नकोस, तो रिफॅम्पिसिनचा रंग. मळमळेल, सांधे दुखतील. शेजारपाजारचे म्हणतील, ‘गोळ्या गरम पडल्या, बंद कर चार दिवस.’ आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. पण डोळे पिवळे दिसले, सारखी उलटी होऊ लागली, अन्नावरची वासनाच गेली, किंवा नजर अंधुक झाली, रंग ओळखेनात, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ. लिव्हरला आणि डोळ्याला क्वचित त्रास होतो, आणि वेळेवर कळला तर औषध बदलता येतं.

एक गोष्ट तुला दवाखान्यात बहुधा कुणी सांगितली नसेल, कारण तिथे नवरा शेजारी बसलेला असतो आणि रांग लागलेली असते. तू पाळणा लांबवायच्या गोळ्या घेतेस ना? रिफॅम्पिसिनमुळे त्यांचा असर कमी होतो. तेवढे महिने निरोध वापरा किंवा तांबीचं विचार. आणि दिवस गेलेच तर टीबीचं औषध थांबवायचं नाही. नेहमीच्या गोळ्या गरोदरपणातही देतात.

दोन महिन्यांनी तुला इतकं बरं वाटेल की आरशात बघून वाटेल, आता कशाला? वजन वाढलेलं, खोकला गेलेला. नेमकी इथेच मुली चुकतात. सुस्त पडून राहिलेले जंतू मारायला पुढचे चार महिने लागतात. मध्येच सोडलं तर उरतात ते औषधाला सरावलेले, आणि मग साधी गोळी चालत नाही. मुंबईत असे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी आता सहा महिन्यांचे नवे उपचार आले आहेत, पूर्वी दीड-दोन वर्षं आणि रोजची इंजेक्शनं असायची. तरी ती वाट मागून घेऊ नये. तुझ्या थुंकीच्या रिपोर्टात रिफॅम्पिसिन चालतं की नाही हेही लिहिलेलं असतं, ते डॉक्टरांना विचारून घे. ज्या मशिनवर तुझी तपासणी झाली ते ट्रूनॅट आपल्या गोव्यातल्या कंपनीने बनवलंय, आणि एक-दोन तासांत सांगतं.

नवरा म्हणतो कुणाला कळू द्यायचं नाही. त्याची भीती मला कळते. त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचं आहे. चाळीत गोष्ट फुटली की काय होतं, हे मीही पाहिलंय. सगळ्या गल्लीला सांग असं मी म्हणणार नाही, ते तुझं तू ठरव. पण घरातल्या प्रत्येकाला कळलंच पाहिजे, कारण तपासणी त्यांची व्हायची आहे. आणि दवाखान्यात नाव खोटं लिहायचं नाही. २०१२ पासून प्रत्येक टीबी रुग्णाची नोंद सरकारकडे करणं खासगी डॉक्टरलाही बंधनकारक आहे. त्या नोंदीवरच तुझी फुकट औषधं येतात, आणि निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये बँकेत जमा होतात. आधी ते ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले. खातं तुझ्या नावाचं दे, आणि ते पैसे तुझ्याच पोटात जाऊ देत. आशाताई घरी येतील, त्यांना आधीच सांगून ठेव की दारात मोठ्याने बोलू नका. त्या समजून घेतात.

खाण्याबद्दल मी हट्टाने बोलणार आहे. आपल्या घरांत सुनेचं ताट शेवटी वाढतात, भाजी तळाला गेलेली असते, दूध मुलांना आणि अंडं पुरुषांना. झारखंडमध्ये डॉक्टर अनुराग आणि माधवी भार्गव यांनी टीबी रुग्णांच्या घरांत महिन्याला तांदूळ, डाळ असा शिधा देऊन पाहिला. २०२३ साली निकाल आला: ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी. कुठलं महागडं इंजेक्शन नाही, डाळ-तांदूळ. त्यामुळे शेंगदाणे, डाळ, अंडं, मूठभर भिजवलेले हरभरे, जे परवडेल ते, पण तू पोटभर खायचं आणि सगळ्यांबरोबर बसून खायचं. उरलंसुरलं खायचे दिवस संपले असं समज.

आणि रात्री जे तुला झोपू देत नाही ना, ‘माझंच काहीतरी चुकलं, म्हणून मला झालं’, ते मनातून काढ. जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. लोकलच्या डब्यात, बंद ऑफिसात, क्लासमध्ये, कुणाच्या खोकल्यातून आलं हे कधीच कळणार नाही. आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि १८८७च्या फेब्रुवारीत, पुरत्या बावीस वर्षांच्याही झालेल्या नसताना, क्षयाने गेल्या. रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू दाखवून तेव्हा पाच वर्षं होत आली होती, पण पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला अजून ५६ वर्षं होती. एवढी शिकलेली बाई, स्वतः डॉक्टर, आणि तिच्यासाठी कुणाकडे गोळी नव्हती. तुझ्यासाठी ती आहे, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, फुकट आहे.

आता एवढं कर. सासरे पहाटे खोकतात आणि तो तंबाखूचा खोकला म्हणून कुणी मनावर घेत नाही, असं तू म्हणालीस. दोन आठवड्यांच्या पुढचा कुठलाही खोकला तपासायचाच. उद्या सकाळी चूळ भरून झाल्यावर, न्याहारीच्या आधी, खोल खोकून आलेला बेडका डबीत घ्यायला सांग, नुसती लाळ चालत नाही. डबी आरोग्य केंद्रात मिळते. लेकीलाही त्याच फेरीत घेऊन जा. काही अडलं तर १८००-११-६६६६ हा टीबीचा मोफत क्रमांक आहे. आणि दोघांचे रिपोर्ट आले की मला कळव, कितीही रात्र झाली असली तरी.