गोळ्या बंद करू नका, वजन सांभाळा

स्किझोफ्रेनियाच्या (छिन्नमनस्कता) रुग्णांचे नातेवाईक मला नेहमी विचारतात, "डॉक्टर, भास थांबले, पण वजन फार वाढलं. गोळ्या बंद करू का?" माझे उत्तर एकच : परस्पर बंद करू नका, आजार उलटू शकतो.

ओलान्झापिन, क्लोझापिन यांसारख्या औषधांनी भूक वाढते. हा रुग्णाचा हावरटपणा नव्हे. त्याला टोमणे मारू नका. मात्र लठ्ठपणामुळे दम लागतो, मधुमेहाचा धोका वाढतो आणि रुग्ण चारचौघांत जाणे टाळू लागतो.

म्हणून दरमहा वजन करा. कंबर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावी. रक्तातील साखर वेळोवेळी तपासून घ्या. गोड चहा, फरसाण कमी करा. घरच्या कोणीतरी रुग्णाला रोज सोबत फिरायला न्यावे. तरीही वजन वाढत राहिले तर डॉक्टरांना सांगा. पुष्कळदा औषध बदलता येते.