बाळाच्या पहिल्या घासाविषयी

पुणे

चि. सौ. ताईस,

कोलकात्यातील सॉल्ट लेकच्या घरी बाळाच्या मुखेभाताची तिथी ठरली, आणि आपल्या उष्टावणाप्रमाणे तिकडेही मामाने घास भरवावयाचा रिवाज असल्यामुळे तुझ्या भावाने तिकीटही काढले, हे वाचून संतोष झाला. सासूबाई पायेस म्हणजे खीर आणि रुई माशाचा कण भरवू म्हणतात, शेजारीण मासा, अंडे व शेंगदाणा ॲलर्जीच्या भयाने वर्षभर वर्ज्य सांगते, तेव्हा कोणाचे ऐकावे, असे तू पुसतेस; बालरोगचिकित्सेत हयात गेलेल्या काकाने त्याचे उत्तर देणे प्राप्तच आहे.

शेजारणीचा दोष नाही. ज्या कुळात ॲलर्जी आहे तेथील मुलांस तीन वर्षे शेंगदाणा देऊ नये, असे फर्मान अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेच २००० साली काढले होते व पुराव्याअभावी २००८ साली मागे घेतले. पुढे लंडनमध्ये गिडिऑन लॅक यांनी तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० अर्भकांवर प्रयोग केला; २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षाप्रमाणे, शेंगदाणा टाळणाऱ्यांपैकी १७.२ टक्के मुलांस पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी होती, नियमित खाणाऱ्यांत अवघी ३.२ टक्के.

तेव्हा सहा महिने भरल्यावर ॲलर्जीच्या भयाने काही वर्ज्य मानू नये. मात्र नवा पदार्थ एका वेळी एकच, अल्प प्रमाणात, बाळ निरोगी असता, सकाळी द्यावा. अंडे पुरते शिजवावे. दाण्याचे बारीक कूट पेजेत पातळ कालवावे, अखंड दाणा घशात अडकतो. तीव्र इसब असल्यास वा पूर्वी काही बाधले असल्यास आधी डॉक्टरांस विचारावे. समारंभात दूध, काजू व मासा एकदम पोटात गेल्यास गुन्हेगार कोण याचा तपास लागत नाही. म्हणून पायेसात काजू घालू नये, आणि मासा पानात मांडावा, भरवावा चार दिवसांनी.

आंबट फळाच्या रसाने ओठाभोवती आलेली लाली म्हणजे ॲलर्जी नव्हे. खाल्ल्यापासून दोन तासांच्या आत अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले वा उलट्या झाल्या, तर तो पदार्थ थांबवून डॉक्टरांस दाखवावे. परंतु श्वासास घरघर लागली, आवाज बसला, बाळ पांढरे पडून गळाले, तर घरगुती इलाजात क्षण दवडू नये. तेथे मांडीत दिलेले ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शनच कामी येते, खाजेचे सिरप नव्हे. ज्यांच्या नावे तुमचे सॉल्ट लेक बिधाननगर म्हणवते, त्या डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्याच नावाचे बालरुग्णालय जवळच फूलबागानला आहे. रस्ता आधीच पाहून ठेवावा.

काही ॲलर्जी उशिरा प्रकटते. एक ते चार तासांनी, गांधी न उठता, वारंवार उलट्या होतात आणि लोक पोट बिघडले म्हणतात. तोच प्रकार त्याच पदार्थाने पुन्हा घडला की संशय घ्यावा. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शौचात रक्ताचे धागे दिसले, तर स्तनपान सोडू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने तूच काही आठवडे दूध आणि संदेश, मिष्टी दोई असे दुधाचे पदार्थ सोडून पाहावे व मग पुन्हा खाऊन खातरजमा करावी. शेळीचे दूध हा त्यावर पर्याय नाही.

प्रत्येक पदार्थाची तारीख, वेळ व लक्षणे वहीत टिपून ठेव. केवळ रक्ततपासणीच्या आकड्यावरून कोणत्याही अन्नास कायमचे हद्दपार करू नये. दूध व अंडे पुष्कळ मुलांस पुढे सोसू लागतात, म्हणून बंदी घातलीच तर तिची मुदत डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

सासूबाईंस माझा नमस्कार सांगावा.

तुझा,
काका