रीस्टार्ट करण्याआधी

चि. सई हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

येणाऱ्या विनंत्या चार वेब सर्व्हरांमध्ये वाटून देणं हे लोड बॅलन्सरचं काम. ही वाटणी बिघडली की आधी एवढंच पाहायचं असतं, की चारही सर्व्हर बिघडलेत की एकच. ते कळेपर्यंत कशालाही हात लावायचा नसतो. ताईने फोनवर सांगितलं ते खरं असेल, तर परवा मध्यरात्रीनंतर सईने चारही सर्व्हर एकदम रीस्टार्ट केले, साइट थोडा वेळ चालून पुन्हा पडली, आणि सकाळी वरिष्ठांनी कारण विचारलं तेव्हा सांगण्यासारखं काही हाती नव्हतं. साइट पडते, त्याचं काही नाही. घोर लागला तो त्या रीस्टार्टचा.

रीस्टार्टने अडकलेले थ्रेड, उघड्या जोडण्या, भरलेली मेमरी असं सगळं जातं, आणि बिघाडाचं कारण नेमकं तिथेच असतं. शिवाय चारही सर्व्हर एकाच क्षणी उठले की कॅशे रिकामी असते आणि चौघंही डेटाबेसवर एकदम तुटून पडतात. मायएसक्यूएलमध्ये कोणी बदललं नसेल तर एकावेळी १५१ जोडण्यांचीच मुभा असते. त्यामुळे थोड्या वेळाने साइट पुन्हा पडली तर मूळ दोष परत आला की रीस्टार्टनेच नवा दोष ओढवला, हे सांगता येत नाही.

एक की चारही, हे पाहायला फार वेळ लागत नाही. बॅलन्सरला बाजूला ठेवून प्रत्येक सर्व्हरला थेट त्याच्या आयपीवर कर्लने तीच विनंती पाठवायची आणि चार उत्तरं शेजारी शेजारी ठेवून पाहायची. चारही धड असतील तर दोष बॅलन्सरमध्ये किंवा मधल्या वाटेवर शोधावा. तीन धड आणि एक बिघडलेला निघाला, तर उरलेल्या तिघांना हात लावायचं कारणच नाही.

त्यानंतर लॉग. एचएप्रॉक्सी या बॅलन्सरच्या एचटीटीपी लॉगमध्ये प्रत्येक ओळीत वेळेचे पाच आकडे आणि चार अक्षरी खूण असते. समजा आकडे ०/०/१/-१/३०००२ असे आहेत. म्हणजे रांगेत थांबावं लागलं नाही, सर्व्हरशी जोडणी एका मिलिसेकंदात झाली, पण उत्तर आलंच नाही आणि तीस सेकंदांनी वाट पाहणं संपलं. खुणेतलं पहिलं अक्षर लहान एस असेल तर सर्व्हरची वाट पाहण्यात मुदत संपली; मोठा एस असेल तर सर्व्हरने जोडणी नाकारली किंवा तोडली. दुसरं अक्षर हे कुठल्या टप्प्यावर झालं ते सांगतं: क्यू म्हणजे रांगेत, सी म्हणजे जोडताना, एच म्हणजे हेडरची वाट पाहताना. ५०३ आणि ५०४ हे त्रुटींचे नुसते आकडे पाहून जे उमगत नाही, ते या दोन अक्षरांत असतं. मामाच्या उमेदवारीत शेजारी बसून ही अक्षरं वाचून दाखवणारं कोणी नव्हतं. साइट पडली की रीस्टार्ट करायचं, हेच तेव्हा काम समजलं जाई. तेव्हाच्या त्या रात्रींत नेमकं काय बिघडलं होतं हे आता कधीच कळणार नाही, याची रुखरुख इतक्या वर्षांनीही जात नाही. सईच्या वाट्याला ती येऊ नये.

सगळ्यात फसवा प्रकार भराभर चुकणाऱ्या सर्व्हरचा. वाटणी 'लीस्टकॉन' पद्धतीची असेल, तर ज्याच्याकडे कमी जोडण्या त्याला पुढची विनंती जाते. एका सर्व्हरचा डेटाबेसशी संबंध तुटला आणि तो काही मिलिसेकंदांत ५०० देऊन मोकळा होऊ लागला, की बॅलन्सरला तोच सर्वांत रिकामा दिसतो. मग बहुतेक गर्दी त्याच्याकडेच वळते, आणि तीन सर्व्हर निरोगी असूनही लोकांना साइट बंद दिसते. अशा वेळी चारही रीस्टार्ट करणं म्हणजे तीन धडधाकट माणसांना सलाइन लावणं.

हे बॅलन्सरच्या लक्षात का येत नाही? एचएप्रॉक्सीत नुसतं 'चेक' लिहिलं तर दर दोन सेकंदांनी पोर्ट उघडा आहे का एवढंच पाहिलं जातं; तीनदा चुकला तर सर्व्हर बाहेर, दोनदा साधला तर पुन्हा आत. पोर्ट उघडा ठेवून चुकीची उत्तरं देणारा सर्व्हर यात आरामात पास होतो. म्हणून तपासणी खऱ्या पानाची ठेवावी. पण त्या पानाने डेटाबेसही तपासायचा ठरवला, तर डेटाबेस जरा मंदावताच चारही सर्व्हर एकदम बाद होतात. इथे तारतम्य लागतं, आणि ते काम करता करताच येतं.

वाटणी ग्राहकाच्या आयपी पत्त्यावरून होत असेल तर मोबाइल कंपनीचे हजारो ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागून येऊन एकाच सर्व्हरवर आदळतात. दहावीच्या निकालाच्या दुपारी हे हमखास दिसेल. उपाय म्हणजे पत्त्याऐवजी कुकीवर वाटणी. मधूनच, कसलाही ताण नसताना येणारा ५०२ बहुधा मुदतींच्या विसंगतीचा असतो: कोणी बदललं नसेल तर ॲमेझॉनचा बॅलन्सर रिकामी जोडणी ६० सेकंद धरून ठेवतो आणि मागचा अपाची ती ५ सेकंदांत बंद करतो. मागच्याची मुदत जास्त ठेवली की हा त्रास जातो.

बिघडलेला सर्व्हर सापडला की आधी त्याला 'ड्रेन'मध्ये टाकावं, म्हणजे नवी गर्दी थांबते आणि चालू कामं पुरी होतात. मग थ्रेड डंप आणि लॉगची प्रत घ्यावी. रीस्टार्ट त्यानंतर, आणि फक्त त्याच एकाचा.

परवाच्या रात्रीचं सगळंच गेलेलं नाही, हे सईने ध्यानात घ्यावं. बॅलन्सरचा लॉग बॅलन्सरच्याच मशीनवर असतो. वेब सर्व्हर रीस्टार्ट केल्याने तो जात नाही. जुन्या फाइली आपोआप पुसल्या जाण्याआधी त्याची प्रत करून ठेवावी आणि रविवारी घरी घेऊन यावी, दोघांनी बसून वाचता येईल. नोकरी सोडण्याचं बोलणं तोवर बाजूला ठेवावं. ज्या रात्री चौघांचं काम एकटीवर पडलं, त्या रात्रीवरून सईची लायकी कोणी ठरवू नये, सईने तर नाहीच नाही. मामीने थालीपिठाची भाजणी दळून ठेवली आहे. पुढची ऑन-कॉल पाळी कोणत्या आठवड्यात आहे ते कळवावं. त्या आठवड्यात मामाचा फोन आवाज मोठा ठेवून उशाशी असेल. किती वाजलेत हे न पाहता फोन करावा.

मामा