किशोराचा लैंगिक कल आणि शिक्षकाचे कर्तव्य

खानदेशातून लोहमार्गाने सुरतेस गेलेली असंख्य मराठी कुटुंबे लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत स्थिरावली आहेत. पालक कापडाच्या कारखान्यांत पाळीवर राबतात. घर लहान असते आणि गावाकडील नात्यांचा धाक कायम असतो. अशा घरातील एखाद्या मुलास आपले मन मुलांकडेच ओढ घेते, किंवा मुलीस मुलीविषयी प्रेम वाटते, असे किशोरवयात उमगले, तर ते सांगावे कोणास?

हा आजार नव्हे

समलिंगी कल हा रोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तो १९९० साली रोगांच्या यादीतून वगळला. प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा ठरत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. सबब मांत्रिक, औषधे वा लवकर लग्न हे यावरील उपाय नव्हेत.

सुरतेच्या शेजारील राजपीपळा संस्थानच्या राजघराण्यातील मानवेंद्रसिंह गोहिल यांचे उदाहरण बोधप्रद आहे. १९९१ साली त्यांचा विवाह झाला व पुढील वर्षी तो मोडला. त्यात एका निरपराध स्त्रीलाही दुःख सोसावे लागले. पुढे २००० साली त्यांनी लक्ष्य ट्रस्ट स्थापन केला आणि २००६ साली आपला कल जाहीरपणे सांगितला. राजवाड्यात जे सांगणे इतके कठीण, ते चाळीतील मुलास किती कठीण असेल!

घातक संबंध कसा ओळखावा?

ज्याला कोठेही आपलेपणा मिळत नाही, तो पहिल्याच गोड शब्दाला भुलतो. भ्रमणध्वनीवर ओळख झालेली वयाने मोठी व्यक्ती प्रथम भेटवस्तू देते, नंतर मित्रांपासून तोडते आणि शेवटी ‘घरी सांगेन’ अशी धमकी देऊन पैसे वा शरीर मागते. जेथे नकार देण्याची मुभा नाही, तेथे प्रेम नाही. हा नियम सर्वच संबंधांना लागू आहे.

दोन गोष्टींतील भेद

शिक्षकाने येथे एक भेद नीट ध्यानी घ्यावा. मुलाचा कल ही त्याची खासगी बाब होय; त्याच्या इच्छेवाचून ती पालकांस वा सहकाऱ्यांस सांगू नये. शोषण मात्र खासगी बाब नव्हे. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही संरक्षण आहे आणि अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांस देणे बंधनकारक आहे. तक्रार गुन्ह्याची करावी, मुलाच्या स्वभावाची नव्हे. ‘दोष तुझा नाही’ हे वाक्य मुलास सर्वप्रथम ऐकू यावे.

साहाय्यासाठी १०९८ ही बालकांची मदतवाहिनी आणि मानसिक आधारासाठी १४४१६ ही टेलि-मानस सेवा उपलब्ध आहे.

आपण कोण आहोत हे ठरविण्याची घाई मुलास करावयास लावू नये. त्याची ओळख त्याला सावकाश गवसेल. तोवर निर्भयपणे बोलता येईल असे एक तरी वडीलधारे माणूस त्याच्याजवळ असावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. वर्गात एखाद्या मुलाच्या चालण्याबोलण्याची थट्टा होत असल्यास आपण काय कराल?
२. गुप्तता केव्हा पाळावी व केव्हा पाळू नये?