एक संगणक, दोन कार्यप्रणाली

आपल्या निवासी शाळेच्या संगणक कक्षातील यंत्रे देणगीतून आलेली व जुनी आहेत. त्यांवरील विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. विंडोज ११ बसवावी, तर ती टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा मागते आणि आपल्या यंत्रांत ती नाही. धडधाकट यंत्रे केवळ एवढ्यासाठी भंगारात द्यावीत, हे मनाला पटत नाही. अशा वेळी लिनक्सचा मार्ग खुला आहे. ती विनामूल्य मिळते. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने डेबियनच्या पायावर ‘बॉस लिनक्स’ विकसित केली असून तिच्यात मराठीची सोय आहे. मग विंडोज काढूनच का टाकू नये? कारण अनेक वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि मुलांनी टंकलिखित केलेल्या नोंदी जुन्या फॉन्टमध्ये आहेत, आणि त्यांची सॉफ्टवेअरे विंडोजवरच चालतात. म्हणून दोन्ही कार्यप्रणाली एकाच यंत्रात नांदविणे आले.

संगणकाचे बटन दाबताच कार्यप्रणाली सुरू होत नाही. प्रथम यंत्राच्या अंगभूत चिपमधील एक छोटी आज्ञावली जागी होते, अवयवांची तपासणी करते आणि डिस्कवर पुढचा धागा शोधते. जुन्या पद्धतीत, म्हणजे बायोसमध्ये, हा धागा डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत असतो. त्यांपैकी ४४६ बाइट आरंभक आज्ञावलीसाठी, ६४ बाइट डिस्कच्या विभागांच्या तक्त्यासाठी आणि उरलेले २ खुणेसाठी. तक्त्यात चारच मुख्य विभागांची नोंद मावते. सातबाऱ्यावर गटाच्या नोंदी असाव्यात तसा हा तक्ता आहे. जमीन जागेवरच असते, पण नोंद बिघडली की मालकाला ती सापडत नाही. यूईएफआय या नव्या पद्धतीत आरंभक आज्ञावल्यांसाठी डिस्कवर एक स्वतंत्र छोटा विभाग असतो व तेथे प्रत्येक कार्यप्रणाली आपापल्या फोल्डरमध्ये राहते. लिनक्सबरोबर येणारा ‘ग्रब’ हा आरंभक पडद्यावर यादी दाखवून विचारतो की, आज कोणती कार्यप्रणाली हवी?

येथे माझी एक चूक सांगणे मी कर्तव्य समजतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाच्या आठवणी आपल्या विद्यार्थ्यांनी लोहारा व उमरगा तालुक्यांतील आजी-आजोबांकडून ऐकून लिहून काढल्या होत्या. ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या लेखी कागद नव्हता, त्या घरांतील हे पहिलेच लेखन. ते सारे एका यंत्राच्या डिस्कवर होते. मी लिनक्स बसवीत असताना ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ आणि ‘संपूर्ण डिस्क पुसून बसवा’ असे दोन पर्याय समोर आले. घाईत दुसरा निवडला गेला. पंधरा-वीस मिनिटांत लिनक्स उत्तम चालू लागली आणि नोंदी गेल्या. काहींच्या छापील प्रती भिंतीवरील फलकासाठी काढलेल्या होत्या, तेवढ्याच उरल्या. इतिहास शिकविणाऱ्या माणसाने एकुलत्या साधनाची दुसरी प्रत ठेवू नये, याहून लाजिरवाणे काय असेल?

म्हणून पहिली पायरी बॅकअपची. सर्व फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून, त्या तेथून उघडतात याची खात्री करून घ्यावी. केवळ ‘कॉपी झाले’ हा संदेश पुरेसा मानू नये. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची किल्ली आधी कागदावर उतरवावी. यंत्र कोरे असेल, तर आधी विंडोज व मागाहून लिनक्स हा क्रम पाळावा. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर विंडोज मागाहून आली, तर ती आरंभक आज्ञावली स्वतःच्या नावे करून घेते व लिनक्सचा उल्लेखही ठेवीत नाही. दोन्ही कार्यप्रणाली एकाच पद्धतीने बसवाव्यात. एक बायोसने व दुसरी यूईएफआयने बसविली, तर ग्रबच्या यादीतून विंडोज उघडत नाही. विंडोजचा विभाग विंडोजच्याच साधनाने आक्रसावा. लिनक्ससाठी तीस-चाळीस गीगाबाइट पुरतात. अलीकडील ग्रब इतर कार्यप्रणालींचा शोध आपणहून घेत नाही. यादीत विंडोज न दिसल्यास घाबरू नये. ‘ओएस-प्रोबर’ची बंदी उठवून यादी नव्याने तयार करावी.

विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ मात्र न विसरता बंद करावे. या सोयीमुळे ‘शट डाउन’ म्हटले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. अशा अवस्थेत तिच्या विभागावर लिनक्सने लिहिले, तर फाइली बिघडू शकतात.

आमच्या मुलांना सर्वाधिक गंमत वाटली ती घड्याळाची. लिनक्स यंत्रातील घड्याळ जागतिक वेळेवर ठेवते, विंडोज तेच स्थानिक वेळेचे समजते. त्यामुळे शाळेची अकराची घंटा झाली, तरी विंडोज पहाटेचे साडेपाच दाखवू लागली. लिनक्सला स्थानिक वेळ पाळण्याची एक आज्ञा दिली की हे थांबते.

डिस्कवर तिसरा विभाग करावा, असा माझा आग्रह आहे. तो एनटीएफएस स्वरूपात ठेवला, तर दोन्ही कार्यप्रणालींना वाचता-लिहिता येतो. मुलांचे लेखन तेथेच राहावे. मग उद्या विंडोज वा लिनक्स यांपैकी कोणतीही नव्याने बसविताना, योग्य पर्याय निवडला तर, त्या लेखनाला हात लावावा लागत नाही. अर्थात बॅकअपची गरज त्यानेही टळत नाही. शिवाय नवे लेखन युनिकोडमध्येच करावे. जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले असतात. फॉन्ट नसला की ‘भूकंप’ हा शब्दही निरर्थक रोमन अक्षरे होऊन बसतो. इन्स्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे मिळतो, त्यामुळे बोटांना दोनदा शिकावे लागत नाही. विंडोज आता जुन्या फाइली उघडून युनिकोडमध्ये उतरविण्यापुरती, इंटरनेट न जोडता वापरावी. इंटरनेटचे काम लिनक्सवर करावे.

सध्या कक्षातील तीन यंत्रांवर ही व्यवस्था चालू असून इयत्ता आठवीचे विद्यार्थी फलकावरून वाचलेल्या नोंदी पुन्हा टंकलिखित करीत आहेत. गेलेल्यांपैकी काहींसाठी ते त्याच घरी दुसऱ्यांदा जाऊन आले. दोन घरांत मात्र सांगणारी आजी आता राहिलेली नाही.