शौचालयाची टाकी : उपसा कधी, कसा?



सेप्टिक टाकीत जड मैल्याचा गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी शोषखड्ड्यात जाते. गाळ साचत गेला की तोही पाण्याबरोबर वाहू लागतो. मलप्रभेच्या उगमाचा आपला खानापूर तालुका पावसाचा. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते आणि ही घाण जवळच्या विहिरीत उतरू शकते. म्हणून आपण दर दोन-तीन वर्षांनी, उन्हाळ्यातच, टाकी उपसून घ्यावी.

उपसा मात्र पंपाच्या गाडीनेच करावा. टाकीतल्या विषारी वायूने क्षणात शुद्ध हरपते. वाचवायला उतरलेलाही दगावतो. संरक्षक साधनांशिवाय माणूस आत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पालकांनो, थोड्या पैशांसाठी कुणाचा जीव धोक्यात घालू नका, ही आमची कळकळीची विनंती.